मितूच्या तोंडी घातलेले शब्द

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. पौर्णिमेला विहारात डोळे मिटून बसते, तेव्हा मनातल्या मनातसुद्धा हे वाक्य पुरं करायला धजावत नाही — अर्ध्यावर आलं की दुसरंच काही आठवतं. गॅस बंद केला का, वह्या तपासायच्या राहिल्यात, असलं काहीतरी. तुम्ही मला ओळखत नाही, मी तुम्हाला ओळखत नाही. म्हणून तुमच्यापाशी जमेल असं वाटतंय. बघू.

माझ्या धाकट्या जावेपासून सुरुवात करते... नको. तिच्यापासून सुरुवात केली की मी तिच्याबद्दलच बोलत राहते आणि माझं राहून जातं. इतकी वर्षं तेच तर केलं.

मी जळगावात एका खासगी संस्थेच्या शाळेत शिकवते. सकाळची शाळा, लहान वर्ग. लग्न होऊन या घरात आले तेव्हा या घरातली कमावणारी पहिली सून मी. माझे सासरे, आबा, मूळचे शिंदखेड्याकडचे. त्यांच्या वडिलांचं आयुष्य दुसऱ्याच्या बांधावर गेलं. आबा शिकले, एसटीच्या वर्कशॉपमध्ये लागले, आणि महिन्याच्या महिन्याला पगार घरी येणं ही काय चीज असते ते त्यांनी घराला दाखवलं. त्यामुळे आमच्याकडे नोकरी म्हणजे नुसती नोकरी नव्हे. गल्लीत कुणी भेटलं की आबा मुद्दाम माझा विषय काढायचे. "आमनी मोठी सून मास्तरीन शे," असं म्हणताना त्यांची मान जराशी ताठ व्हायची. मला ते आवडायचं. का नाही आवडणार?

पण त्या नोकरीचं एक दुखणं होतं, ते मी घरी कधी बोलले नाही. आमच्या संस्थेचे सचिव. त्यांचं नाव घेत नाही, गरजही नाही. रजा मागायची तर त्यांच्या केबिनच्या दारात उभं राहायचं. आत बोलावेपर्यंत आत जायचं नाही. ते फोनवर बोलत राहणार, पेपर वाचत राहणार, मग मान वर न करता विचारणार — "काय बाई?" त्या दोन शब्दांत तुम्ही किती लहान होऊ शकता, हे दारात उभं राहिल्याशिवाय कळत नाही. माझी आई दवाखान्यात होती तेव्हाही मी तशीच उभी राहिले. रजा मिळाली. पण आधी हसून म्हणाले, "तुमच्याकडे सारखंच कुणी ना कुणी आजारी असतं हो." मीही हसले. ते माझं हसणं मला आजही ऐकू येतं.

तर अशी मी. आता प्रज्ञा.

प्रज्ञा माझ्या दिराची, राहुलची बायको. धुळ्याची, तिथंच शेतकीचं शिकलेली. लग्न होऊन आली तेव्हा जळगावात एका खत कंपनीत होती, गावोगाव फिरायचं काम. सासूबाई नव्हत्या, त्यामुळे घरात बाया म्हणजे आम्ही दोघीच. ती मला ताई म्हणायची. स्वयंपाकघरात तिचा आवाज आला की घर भरल्यासारखं वाटायचं. हे मी खरं सांगतेय. मला ती आवडायची.

एका संध्याकाळी जेवताना तिनं सांगितलं, "आबा, मी आज राजीनामा दिला."

आबांचा घास हातातच राहिला.

"साहेब म्हणेल ते खत शेतकऱ्याच्या गळ्यात मारायचं, त्याला लागो न लागो. मला नाही जमत ते. मी स्वतःच केळीच्या बागा बघणार. काय कमी, काय जास्त ते सांगायचं आणि त्या सल्ल्याचे पैसे घ्यायचे. वर कुणी साहेब नको आता."

आबा चिडले की घरातल्या भाषेवर, अहिराणीवर यायचे. "नोकरी ती नोकरी शे, बेटा. बठ्ठा लोके काय म्हनतीन? लागेल नोकरी सोडी दिनी?" लागलेली नोकरी कुणी आपणहून सोडतं, हेच त्यांना पटेना.

आणि माहितेय, त्या वेळी तिची बाजू कुणी घेतली? मी. "करू द्या की आबा तिला. शिकलीय, हुशार आहे." प्रज्ञानं माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी तिला माहेरचं काहीतरी दिलं. राहुल म्हणाला, "वहिनी, तुम्ही होता म्हणून आबा ऐकले." आजही तो तसंच म्हणतो.

खरं सांगू? मला खात्री होती की तिचं जमणार नाही. केळीवाले शेतकरी, आणि ही पोरगी त्यांना बाग शिकवणार? चार महिन्यांत परत येईल, दुसऱ्या कुठल्या साहेबाच्या दारात उभी राहील. माझ्याच शेजारी उभी राहील, असं काहीतरी माझ्या मनात होतं. म्हणून मी तिची बाजू घेतली. माझ्या चांगुलपणाच्या तळाशी हे होतं.

ती परत आली नाही.

सुरुवातीला स्कूटीवर यावलकडे जायची. लोक हसायचे. चहा पाजायचे आणि काहीच विचारायचे नाहीत. मग एकाच्या बागेत व्हायरस दिसला. ती म्हणाली, ही झाडं आज उपटून गाडा, उद्या नको. तो मनातून तयार नव्हता, पण त्यानं ऐकलं. शेजारच्यानं ऐकलं नाही. पुढे दोघांच्या बागांचं काय झालं ते अख्ख्या शिवारानं पाहिलं. तिथून तिचा फोन जो वाजायला लागला, तो थांबला नाही. यावल झालं, मग चोपडा. स्कूटी गेली, जुनी का होईना पण पांढरी गाडी दारात आली. आबांच्या डोळ्यांचं ऑपरेशन तिनं चांगल्या दवाखान्यात करून दिलं. घराला रंग दिला. आणि आबा — तेच आबा — डोळ्यांवर हिरवी पट्टी लावून ओट्यावर बसायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, "आमनी धाकली सून केळीसनी डाक्टर शे."

मोठ्या सुनेचं नाव निघेनासं झालं. कुणी मुद्दाम केलं नाही. नुसतं निघेनासं झालं.

पैशाचं मला तितकं काही वाटलं नाही. लोकांना वाटेल, पैशावरून जळली असेल. थोडं असेलही. पण मला खुपायचं ते वेगळंच. ती म्हणायची, "बुधवारी मी कुठंच जात नाही, बुधवार घरचा." कुणाला विचारलं तिनं? कुणाच्या दारात उभी राहिली? बुधवार तिनं असाच उचलून घेतला, बाजारातून भाजी उचलावी तसा. बुधवारी सकाळी मी अंधारातच साडीला पिना लावत असायची आणि ती केस मोकळे सोडून, चहाचा कप घेऊन, ओट्यावर बसलेली असायची. "ताई, डबा मी भरलाय हं तुमचा," म्हणायची. तो डबा घेऊन मी निघायची. तुम्हाला कुणी प्रेमानं डबा भरून दिलाय आणि त्याच माणसाचं काहीतरी बिघडावं असं तुम्हाला वाटलंय — असं झालंय कधी तुमचं?

मग मितू झाली. संघमित्रा, पण सगळ्यांची मितू. काही महिन्यांनी प्रज्ञा पुन्हा बागा बघायला लागली. मीच म्हटलं होतं, दुपारपासून मी आहे ना. सकाळी आबा आणि कामाच्या मावशी, दुपारी मी. माझा मुलगा तेव्हा मोठा झाला होता, शाळा आणि क्लास यातच असायचा. मितू माझ्याच अंगाखांद्यावर वाढली. मला मोठी आई म्हणायची. त्या पोरीवर माझा जीव होता. होता म्हणूनच... थांबा, सांगते.

मितू तीन वर्षांची असताना आमच्या सचिवांच्या मुलीचं लग्न झालं. शहराबाहेरच्या मोठ्या लॉनवर. शाळेतल्या आम्हा सगळ्या बायांना कामं वाटून दिली होती. एकसारख्या रंगाच्या साड्या नेसून यायचं, असा निरोप होता. मला दारावर उभं केलं होतं. येणाऱ्यांच्या अंगावर गुलाबपाणी शिंपडायचं आणि हसून "या, या" म्हणायचं. शिकवते मी. पण त्या दिवशी दारावर होते.

आणि प्रज्ञाची गाडी आली.

मला माहीतच नव्हतं. सचिवांची चोपड्याकडे केळीची बाग होती आणि ती प्रज्ञा बघत होती. तिलाही माहीत नसावं की ते माझे सचिव. ती बागवाल्यांना गावाच्या नावानं ओळखायची, आणि घरी आम्ही कामाचं फार बोलायचो नाही. ती उतरली तसे ते मंडपातून चालत बाहेर आले. स्वतः. माझ्या समोरून गेले आणि हात जोडले त्यांनी. "या म्याडम, या. तुम्ही आलात, बरं वाटलं." ज्या माणसानं माझ्याकडे मान वर करून कधी पाहिलं नव्हतं, तो माझ्या धाकट्या जावेपुढे कमरेत वाकला होता. माझ्या हातात गुलाबदाणी होती.

प्रज्ञानं मला पाहिलं. आणि तिनं काय करावं? ती त्यांना म्हणाली, "या माझ्या मोठ्या जाऊबाई." मग आत गेलीच नाही. पर्स खांद्याला अडकवली, माझ्या शेजारचं पेढ्यांचं ताट उचललं आणि माझ्यासोबत दारावर उभी राहिली. "ताई, दोघी मिळून उभ्या राहू. एकट्या कंटाळाल." सचिव कसनुसे हसले आणि त्यांनी लगेच शिपायाला बोलावून मला खुर्ची द्यायला सांगितली. मला. तिच्यामुळे.

तिनं मला कमी लेखलं असतं तर मी तिला माफ केलं असतं. शपथेवर सांगते. पण ती माझ्या शेजारी उभी राहिली आणि तिच्या सावलीत मला खुर्ची मिळाली — हे मला माफ करता आलं नाही.

पुढच्याच आठवड्यातली गोष्ट असेल. दुपार होती, आमच्याकडची ती चुरचुरणारी उन्हाची दुपार, कूलरचा घरघराट. मी मितूला वरणभात भरवत होते. तिनं रोजच्यासारखं विचारलं, "आई कुठंय?"

रोज मी म्हणायची, शेतात गेलीय, संध्याकाळी येईल. त्या दिवशी म्हटलं, "आईला केळी आवडतात ना. म्हणून जाते."

मितू थोडा वेळ घास तोंडात धरून बसली. मग म्हणाली, "मितू नाही आवडत?"

मी भात कालवत राहिले.

इथे थांबता आलं असतं. एवढंच झालं असतं तर मी ते विसरूनही गेले असते कदाचित. पण मी थांबले नाही. दोन-तीन दिवसांनी मी तिला मांडीवर घेतलं आणि म्हटलं, चल, आपण एक गंमत करू. आई सकाळी निघाली की तिला विचारायचं हं — "आई, तुला केळी आवडतात की मी?" म्हण बघू. ती म्हणाली, अडखळली. मी पुन्हा म्हणवून घेतलं. नीट म्हटल्यावर टाळ्या वाजवल्या, शेंगदाण्याचा लाडू दिला. लहान मुलांकडून वाक्य कसं पाठ करून घ्यायचं, ते कोणत्या शब्दावर थांबलं की ऐकणाऱ्याच्या काळजात जातं — हे मला येतं. तेच माझं काम आहे. जन्मभर तेच केलंय.

वाचताय ना अजून? हेच ते. मी तीन वर्षांच्या पोरीला तिच्या आईच्या विरोधात एक वाक्य शिकवलं.

ती पहिल्यांदा म्हणाली तेव्हा मी शाळेत होते. संध्याकाळी प्रज्ञानंच सांगितलं, हसत हसत, पण हसणं काही डोळ्यांपर्यंत गेलं नव्हतं. "ताई, आज हिनं मला काय विचारलं माहितेय?" मी ऐकून घेतलं. म्हटलं, "लेकरं बोलतात गं काहीही." एवढ्यावर ठेवायचं होतं. पण मी पुढे म्हटलं, "पण लेकरं खोटं बोलत नाहीत."

मग ते रोजचंच झालं. दुपारी प्रज्ञा बागेतून फोन करायची, मितूशी बोलायला. मितू शेजारीच बसून पातेल्याच्या झाकणाशी खेळत असायची, आणि मी आवाज खाली आणून सांगायची, "झोपली गं आत्ताच. रडून रडून झोपली." फोनच्या पलीकडून नुसता वाऱ्याचा आवाज यायचा. संध्याकाळी गाडी वाजली की मी मितूला कडेवर घ्यायची. प्रज्ञा हात पुढे करायची, मितू माझ्या मानेत तोंड खुपसायची. मी तिला धरून ठेवायची नाही. फक्त खाली सोडायची नाही. आणि त्या वेळी मला काय वाटायचं? गोड वाटायचं. शेतकऱ्यांची म्याडम दारात रिकाम्या हातांनी उभी आहे आणि तिला जे हवंय ते माझ्या कडेवर आहे.

प्रज्ञा वाळायला लागली. बुधवार घरचा होता, मग शनिवारही घरचा केला. फोन कमी घ्यायला लागली. राहुल म्हणाला, पोरं रडतातच, चार दिवस. आबा म्हणाले, पोरीला माझ्यासोबत राहू दे, मी सांभाळतो. सगळे धीर देत होते. मीही देत होते, सगळ्यांत जास्त.

त्या वर्षी चोपड्याकडच्या काही गावांतले केळीवाले एकत्र आले. त्यांना प्रज्ञा वर्षभरासाठी हवी होती — सगळ्या गावांच्या बागा तिच्याकडे. चोपड्यात ती छोटं ऑफिस उघडणार होती, हाताखाली दोन शेतकी शिकलेल्या मुली घेणार होती. तिनं जागाही पाहून ठेवली होती. ऑफिसला खिडकी पूर्वेला आहे, असं मला दोनदा सांगितलं. बोलणी पक्की करायला ती जाणार होती तो दिवस मे महिन्यातला. मला सुट्टी होती. मी घरीच होते.

आदल्या दिवशी मी मितूला काही नवीन शिकवलं नाही. खोटं कशाला बोलू — शिकवायची गरजच उरली नव्हती. एवढंच म्हटलं, "उद्या आई खूप लांब जाणार."

सकाळी प्रज्ञा निघाली. नवीन कॉटनची साडी, हातात गाडीची चावी. मितू धावत गेली आणि तिच्या निऱ्यांना मिठी मारली. "आई, तुला केळी आवडतात की मी?" आधी एकदा. मग पुन्हा. मग किंचाळून. तिचा श्वास कोंडला, तिला उलटी झाली, साडीवर, ओट्यावर, सगळीकडे. मी पाणी आणायला धावले. हे पाठ केलेलं नव्हतं, हे खरं होतं. मी पेरलं होतं आणि ते त्या पोरीच्या पोटात खरं होऊन बसलं होतं.

तेवढ्यात प्रज्ञाचा फोन वाजला. हात भरलेले म्हणून तिनं स्पीकर लावला. चोपड्याचा एक म्हातारा शेतकरी होता. "म्याडम, बठ्ठा लोके येल शेतस. तुमनी वाट दखी ऱ्हायनात." सगळे जमले होते, तिचीच वाट बघत होते.

प्रज्ञा ओट्याच्या पायरीवर बसली. मितू तिच्या मांडीत हुंदके देत होती. तिनं मान वर केली आणि माझ्याकडे पाहून विचारलं, "ताई, मी जाऊ का?"

वर कुणी साहेब नको म्हणणारी बाई. जिनं एक अख्खा वार न विचारता घेतला होता, ती. पायरीवर बसून माझ्याकडे परवानगी मागत होती आणि मी दारात उभी होते.

एक शब्द पुरला असता. जा. मी आहे, जा. मितू पाच मिनिटांत गप्प झाली असती, हे माझ्याइतकं कुणाला माहीत होतं?

मी म्हटलं, "तू आई आहेस तिची. मी काय सांगणार?"

ती गेली नाही.

पुढचं भराभर झालं. चोपड्याचं काम दुसऱ्या कुणाला गेलं. हळूहळू यावलच्या बागाही तिनं सोडल्या. राहुलला धुळ्याकडच्या नरडाण्याच्या एमआयडीसीत चांगली जागा मिळाली, आणि वर्षाच्या आत ते धुळ्याला गेले, तिच्या माहेरच्या गावी. मितूला शाळेत घातलं. प्रज्ञा एका बियाणं कंपनीच्या ऑफिसात लागली. ठरलेली वेळ, ठरलेला पगार, वर साहेब. आबा इथेच राहिले, आमच्याकडे. धाकट्या सुनेचं नाव काढायचे, पण आता नुसतंच "पोरगी खुशाल शे का?" एवढं. आबा वारले तेव्हाही त्यांना वाटत होतं की प्रज्ञानं लेकरासाठी मोठा त्याग केला.

मला काय वाटलं? सांगायलाच हवं. मला बरं वाटलं. त्यांची गाडी दारातून निघून गेली आणि कितीतरी दिवस मी शांत झोपले. मितूवाचून दुपारी घर खायला उठायचं, तेही खरं. पण ते फार सांगत नाही. सांगितलं तर तुम्हाला वाटेल, हिला शिक्षा मिळाली. तसं काही झालेलं नाही. शाळेत मी आता वरिष्ठ आहे. नातेवाइकांत माझं नाव आहे. धाकट्या जावेचं लेकरू स्वतःच्या पोटच्यासारखं वाढवलं म्हणून लोक माझं उदाहरण देतात.

बरीच वर्षं मी स्वतःला समजावत होते — ती कधीतरी सोडणारच होती. उन्हातान्हाचं काम, घरी लहान पोर, कुणीही सोडलं असतं. असेलही. पण "असेलही" म्हणून मी माझं वाक्य परत घेऊ शकते का?

गेल्या उन्हाळ्यात धुळ्याला गेले होते. प्रज्ञाच्या कानशिलांवर केस पिकायला लागलेत. आम्ही बोलत बसलो होतो तेवढ्यात तिचा फोन वाजला. स्क्रीनवर नाव बघून ती उठून उभी राहिली. फोनवर बोलायला उभी राहिली. "हो सर. झालंय सर. नाही सर, चुकलं माझं." हा आवाज मी ओळखत होते, तो माझा होता. फोन ठेवून ती माझ्याकडे बघून हसली, तसंच, जसं मी त्या केबिनच्या दारात हसले होते. आणि विचारलं, "ताई, चहा टाकू?"

संध्याकाळी मी आणि मितू गच्चीवर बसलो होतो. मितू आता नववीत आहे. उंच झालीय, आवाज आईसारखा. पुढे काय करायचं ठरवलंस, असं मी सहज विचारलं. म्हणाली, बँकेची परीक्षा देईन. वेळेवर जायचं, वेळेवर यायचं. मग म्हणाली, "मोठी आई, तुला एक विचारू? मी लहानपणी आईला कामावर जाऊच द्यायचे नाही ना? काहीतरी म्हणायचे म्हणे मी, केळी आवडतात की मी, असं. आई हसत सांगते सगळ्यांना. पण तिनं माझ्यामुळेच सोडलं ना सगळं? कधीकधी ती जुने फोटो बघते, बागांमधले. मला बघवत नाही. मला आठवतसुद्धा नाही गं. मी असं का म्हणाले असेन?"

ती माझ्याकडे बघत होती. खाली प्रज्ञा स्वयंपाक करत होती, भांड्यांचा आवाज वर येत होता. गच्चीवर आम्ही दोघीच. सांगायचं तर तेव्हाच सांगायला हवं होतं, तिला, त्या जागी.

मी तिच्या केसांवरून हात फिरवला. म्हटलं, "लहान होतीस गं तू. लहान लेकराचं कुणी मनावर घेतं का? सोडून दे."

ती माझ्या खांद्यावर डोकं टेकवून रडली. मग डोळे पुसून म्हणाली, "तू असं म्हणालीस की बरं वाटतं." मी तिला थोपटत राहिले. माझ्या गुन्ह्याची तिला क्षमा करत राहिले.

दुसऱ्या दिवशी मी बसनं जळगावला परत आले. प्रज्ञानं सोबत डबा दिला होता.

मितूनं काही केलं नव्हतं. मी केलं. हे मी इथे लिहिलं आहे, तिला सांगितलेलं नाही. ती अजून स्वतःलाच दोष देते.